खिळा, स्टेन्सिल, फ्लेक्स : रॉक मासिकाच्या चेहऱ्याचा शोध

उरणचा एक मुलगा मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला प्रकल्प मिळाला होता : रॉक संगीताला वाहिलेल्या मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि जोडपानावरचा एक लेख तयार करा. त्याने मासिकाचं नाव ठेवलं 'खडक'. पीरवाडीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला याहून जवळचं भाषांतर कुठून सुचणार? काळी पार्श्वभूमी, गिटार घेतलेला मामेभाऊ, आणि वर तडकलेल्या काचेसारख्या अक्षरांत नाव. तडा नेमका 'ख'मधून गेला होता, त्यामुळे नाव 'रवडक' असं वाचलं जात होतं. अक्षरं का फोडलीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सर, रॉक असंच दिसतं ना."

आता असंच दिसतं, हे खरं. पण कधीपासून आणि कुणामुळे, हे शोधायला बसलो आणि लंडनमार्गे शेवटी आपल्याच अनियतकालिकांपाशी येऊन पोहोचलो.

तडकलेल्या अक्षरांचा माग सोपा आहे. 'केरँग!' हे ब्रिटिश नियतकालिक 1981 मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं. नाव म्हणजे गिटारच्या तारांवर जोरात हात मारल्यावर होणारा आवाज. त्या नावाची अक्षरं तडकलेली असणं स्वाभाविकच होतं. पहिल्या अंकावर एसी/डीसीचा अँगस यंग होता. जगभरच्या मीडियाच्या विद्यार्थ्यांपुढे आज जो नमुना असतो, तो बहुतेक इथून आलेला आहे.

पण रॉकवरच्या पत्रकारितेचा पहिला मोठा चेहरा असा मुळीच नव्हता. 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक 9 नोव्हेंबर 1967 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत निघाला. संपादक जॅन वेनर एकवीस वर्षांचा, भांडवल उसनवारीचे साडेसात हजार डॉलर. कागद वर्तमानपत्राचा. वेनर आधी 'संडे रॅम्पार्ट्स' या पत्रात काम करत होता. ते बंद पडलं, तेव्हा त्याच्या पानांची मांडणीच त्याने उचलली : सरळ स्तंभ, जुन्या वळणाचा टाइम्स टाइप, भोवती दुहेरी रेघांच्या चौकटी. मजकूर लांब केसांच्या पोरांचा आणि पान एखाद्या वकिलाच्या कोटासारखं इस्त्रीचं. एकट्या शीर्षकाची अक्षरं तेवढी वळणदार. ती रिक ग्रिफिन या पोस्टरकाराची, आणि तीही कच्ची. त्याचं पक्कं रेखाटन व्हायच्या आधीच वेनरने ती छापून टाकली.

नऊ वर्षांनी लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने 'स्निफिन ग्लू' काढलं. टाइपरायटर, जाड स्केचपेन आणि झेरॉक्स, एवढंच सामान. खाडाखोड तशीच ठेवलेली. पहिल्या अंकाच्या प्रती पन्नासच्या आसपास. पुढे पंक म्हणजे कात्रीने कापलेली, वाकडी अक्षरं, असं समीकरण झालं आणि श्रीमंत कंपन्याही पैसे मोजून तशी अक्षरं काढून घेऊ लागल्या. पेरीपाशी मात्र दुसरं काही नव्हतं.

आपल्याकडे काय होतं? 1967 मध्येच कोलकात्याहून स्टेट्समन गटाने 'ज्युनियर स्टेट्समन' हे तरुणांचं साप्ताहिक काढलं. पुढे ते नुसतं 'जेएस' झालं. संपादक डेस्मंड डॉइग स्वतः चित्रकार. 1977 मध्ये ते बंद झालं. त्याच दशकात गाण्यालाही मंच मिळत होता. सिमला सिगारेटच्या नावाने झालेल्या बीट स्पर्धांच्या तबकड्या 1970 आणि 1971 मध्ये निघाल्या, आणि 1971 मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' हा रॉक महोत्सव भरला. मळवली म्हटलं की आपल्याला कार्ल्याची एकवीरा आठवते. उरणच्या आगरी-कोळी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पालख्या तिकडेच जातात. वर डोंगरावर ढोल आणि खाली माळावर इलेक्ट्रिक गिटार, असा योग पुन्हा आला नसेल.

मराठी माणूस या संगीतात नव्हता असंही नाही. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे 'व्हेल्व्हेट फॉग' या बँडमध्ये गात होते. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्युडास उभा केला, आणि 1978 च्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच आवाज मराठी रंगभूमीवर आला. म्हणजे मराठीत रॉक गळ्यातून आला. छापील पानावर तो का आला नाही, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न.

पान तर तयार होतं. 1954 मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्या मंडळाने 'शब्द' सुरू केलं, ते चक्रमुद्रित. ज्यांनी सायक्लोस्टाइल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइपरायटरची फीत काढून टंकलेखन करायचं, चित्र असेल तर लोखंडी टोकाने कोरायचं, मग तो कागद शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचं. फोटो छापणं अशक्य. रेघ तेवढी उमटते, तीही जपून ओढली तर, नाहीतर स्टेन्सिल फाटतो. खिळ्यांच्या छापखान्यात फोटो शक्य होता, पण त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे आणि त्याचे पैसे आकारमानावर. म्हणून साठीतल्या अनियतकालिकांची पानं अशी उघडी, अक्षरांवर भिस्त असलेली दिसतात. अशोक शहाण्यांचं 'असो' 1963 मध्ये आलं, पाठोपाठ 'वाचा', 'येरू', 'फक्त'. 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथा' जाळली. एवढी आग, एवढा उद्धटपणा, स्वतःच्या हाताने अंक काढून स्वतःच विकण्याची एवढी हौस! पेरीच्या कितीतरी आधी हे सगळं गिरगाव-दादरात चाललं होतं. त्यांचं भांडण साहित्याशी होतं, एवढाच फरक.

कोलटकर या दोन्ही वाटांवर उभे दिसतात. जे. जे.मध्ये शिकलेले, जाहिरात क्षेत्रात कला दिग्दर्शक, कॅगचा पुरस्कार सहा वेळा मिळालेले. अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले. ब्लूज आणि बॉब डिलन कानात. 1973 च्या सुमारास त्यांनी स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रितही केली. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल यांच्याबरोबर 'क्लिअरिंग हाउस' काढून 1976 मध्ये 'जेजुरी' छापली, तेव्हा त्या पुस्तकांची मांडणी त्यांचीच. रॉक मासिकाला लागतो तसा माणूस म्हणजे कवी, चित्रकार आणि गाणारा, एकाच देहात मुंबईत हजर होता. ती गाणी मात्र छापखान्याकडे वळली नाहीत.

मेहरोत्रांचं नाव आलं म्हणून एक आडवळण. 1965 मध्ये त्यांनी 'डॅम यू' हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढलं ते अलाहाबादेत. भारतातलं सर्वांत परिचित रॉक मासिक, अमित सैगल यांचं 'रॉक स्ट्रीट जर्नल', 1993 मध्ये निघालं तेही अलाहाबादेतून. या दोघांत धागा जोडण्याचा मोह मी आवरतो. पण रंगभवनात 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' गाजत असताना मुंबईला जे जमलं नाही, ते संगमावरच्या गावाने केलं, ही गंमत आहेच. सैगल 2012 मध्ये गोव्याच्या समुद्रात गेले. त्याआधी 2008 मध्ये 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती मुंबईतून निघाली होती, गुळगुळीत कागदावर. दोन्ही इंग्रजीत.

रंगभवन म्हणजे धोबीतलाव. उरणहून तिथे जायचं तर मोरा बंदरावरून लाँच, भाऊचा धक्का, पुढे बस. परतीची लाँच चुकली की पनवेलवरून वळसा, आणि ओहोटीचा खेळ वेगळाच. रेल्वे उरणला पोहोचली ती जानेवारी 2024 मध्ये. खाडीपलीकडे दिवे दिसतात तेवढ्या अंतरावरचं संगीत इथल्या पोरांना कॅसेटवर ऐकावं लागलं यात नवल नाही. पण कार्यक्रमाला पोहोचता येत नाही, त्याला मासिक लागतं. अलाहाबादेत तेच झालं असावं, असा माझा कयास आहे.

हे सगळं त्या मुलाला सांगितलं, तेव्हा त्याने एकच विचारलं, "मग मी काय वापरू?" मी त्याला उरणच्या बाजारात फ्लेक्सवाल्याकडे घेऊन गेलो. संगणकावर हळदीचा बॅनर चालू होता : सोनेरी, कडा तासलेली, खाली सावली पडलेली देवनागरी, शिरोरेषा तलवारीसारखी दोन्हीकडे बाहेर काढलेली. हेवी मेटलच्या बँडला रोमन लिपीत जे साधायला धडपडावं लागतं, ते इथे नवरदेवाच्या नावासाठी रोज होतं. देवनागरीत अक्षरांना एकत्र धरणारी रेघ आधीच असते. ती ताणता येते, वाकवता येते. फोडली तर मात्र 'ख'चा 'रव' होतो, आणि प्रमाण लेखनात 'ख'चे दोन भाग खाली जोडले गेले तेही या घोटाळ्यामुळेच.

फ्लेक्सवाल्याने 'खडक' लिहून दिलं. शिरोरेषा डावीकडून जाड, उजवीकडे निमुळती होत गेलेली, खालून लाटेने खाल्ल्यासारखी. मुलाने काळी पार्श्वभूमी काढून टाकली आणि जोडपानावरच्या लेखासाठी हळदीत बेंजो वाजवणाऱ्या एका वादकाची मुलाखत घ्यायचं ठरवलं. मामेभाऊ मुखपृष्ठावरून हलायला तयार नव्हता, म्हणून तो राहिला आहे. रव म्हणजे आवाज, हे कळल्यावर मुलाने वाचकांच्या पत्रांच्या पानाला 'रव' हे नाव देऊन टाकलं.