ह्यूबरची सुई आणि परिचारिकेचा हात

मागच्या व्याख्यानात आपण उपकरणांच्या इतिहासाकडे वळलो होतो. आज एकच उपकरण घेऊ, तेही अगदी लहान. सुई.

सिॲटलच्या राल्फ ह्यूबर नावाच्या दंतवैद्याला १९४६ साली एका सुईचे पेटंट मिळाले. टोक किंचित वाकवलेले, तोंड बाजूला. त्याला काय हवे होते? तर सुई शिरताना माणसाला कमी दुखावे, एवढेच. कर्करोग त्याच्या ध्यानीमनीही नव्हता. त्याच सुमारास एडवर्ड टुओही या भूलतज्ज्ञाने ती सुई कण्यात बारीक नळी सरकवायला वापरली.

आता दुसरीकडे पाहू. केमोथेरपीची काही औषधे हाताच्या शिरा जाळून टाकतात. औषध छातीतल्या मोठ्या शिरेत सोडता येईल अशा नळ्या आल्या. ब्रोव्हिॲकची १९७३ ची, हिकमनची १९७९ ची. पण नळीचे टोक छातीबाहेर लोंबायचे. आंघोळसुद्धा जपून! १९८२ साली मिशिगन विद्यापीठातले शल्यचिकित्सक जॉन नीडरह्यूबर यांनी सहकाऱ्यांसह कातडीखाली पुरायच्या पोर्टचा अनुभव प्रसिद्ध केला. (नावाच्या साम्यावर जाऊ नका, ही माणसे दोन.) पोर्ट म्हणजे एक छोटी डबी, वर सिलिकॉनचा जाड पडदा, खालून शिरेत गेलेली नळी. साध्या सुईने हा पडदा टोचला तर सिलिकॉनचा कण कापला जातो, भोक राहते आणि पुढे औषध झिरपते. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध मांसात झिरपले तर जखम होते. ह्यूबरची सुई पडदा कापत नाही, फाकवते. ती काढली की पडदा मिटतो. दुखू नये म्हणून घडलेली सुई इथे भलत्याच कारणाने उपयोगी पडली.

इथवरच्या इतिहासात नावे आहेत, साल आहेत. पुढचा भाग बिननावाचा आहे. कातडीखालची डबी दिसत नाही, ती चाचपावी लागते. जागा निर्जंतुक करून परिचारिका डाव्या हाताच्या बोटांत डबी पक्की धरते आणि उजव्या हाताने सुई सरळ काटकोनात आत घालते. सुई तळाला टेकली की थांबायचे. मग सिरिंज मागे ओढून रक्त येते का ते पाहायचे, आणि नंतरच सलाइन. सिरिंज दहा मिलिलिटरची. लहान सिरिंजचा दाब जास्त, नळी फुटू शकते.

पण ‘तळाला टेकली’ हे कळते कुठे? तळहाताशी नाही, सुईच्या टोकाशी. मायकेल पोलान्यी, जो स्वतः वैद्यक शिकलेला होता, त्याने अशा ज्ञानावर १९५८ साली सबंध ग्रंथ लिहिला. गोधडी शिवणाऱ्या आजीला विचारा, सुई कुठल्या थरात आहे हे तिला न बघता कळते. आमच्या मते पोर्टचा खरा शोध अर्धा या बोटांत लागला, आणि इतिहासकारांनी तो नोंदवला नाही.

त्या बोटांना धोकाही होता. सिलिकॉन सुईला घट्ट धरतो. जोर लावून ओढली की ती झटकन सुटते आणि उलट येऊन डबी धरलेल्या डाव्या बोटांतच घुसते, रुग्णाच्या रक्तासकट. अमेरिकेत सुईच्या इजांविरुद्ध कायदा झाला २००० साली. आता काढतानाच टोक झाकणाऱ्या ह्यूबर सुया मिळतात.