श्वासाचं ओझं

माणसाच्या श्वासाला वजन असतं का? फ्रान्समधल्या लास्को गुहेची हकिकत ऐकली, की असतं असंच वाटू लागतं.

सप्टेंबर १९४० मध्ये मोंतिन्याक गावाजवळच्या टेकडीवर चार मुलांना ही गुहा सापडली. आत भिंतींवर आणि छतावर बैल, घोडे, हरणं. सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी रंगवलेली. अंधारानं आणि स्थिर हवेनं ती इतकी वर्षं सांभाळली होती. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली. वाट रुंद केली, दिवे लावले. पुढं तर दिवसाला हजाराहून अधिक माणसं येऊ लागली. प्रत्येकानं आपल्याबरोबर उष्णता, ओल आणि कार्बन डायऑक्साइड आत नेला. १९६० च्या सुमारास भिंतींवर हिरवं शेवाळ दिसू लागलं. अखेर १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी गुहा बंद केली.

फॉर्मालिन आणि प्रतिजैविकं वापरून शेवाळ हटवलं गेलं. पण २००१ मध्ये, हवा नियंत्रणाची नवी यंत्रणा बसवल्यानंतर, पांढरी बुरशी झपाट्यानं पसरली. मग जमिनीवर कळीचा चुना टाकला, जंतुनाशकं फवारली. काही वर्षांतच काळे डाग उमटले. औषधानं काही जीव मेले. जे त्याला पुरून उरले, त्यांना रान मोकळं मिळालं. भिंतीवरचं हे सूक्ष्म जग फवारणीनं साफ पुसून टाकता येत नाही, एवढं त्यातून शास्त्रज्ञांना उमगलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी १९२० मध्ये निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा घट्ट बसवला, हे मोठंच काम. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढं पिवळा पडला, आणि तो काढणं हेच नंतरच्या रसायनतज्ज्ञांचं काम होऊन बसलं. यात कुणाचं वैर नव्हतं. होती ती मायाच.

लास्कोची प्रतिकृती १९८३ मध्ये खुली झाली, आणखी एक २०१६ मध्ये. नकल काय पाहायची, असं म्हणणारे भेटतात. मला मात्र त्या नकलेत अदब दिसते. घरात कुणी आजारी निजलेलं असलं, तर आपण दारातूनच विचारपूस करून परततो. तशीच ही रीत. अजिंठ्याला जाल तेव्हा जरूर पाहा, डोळे भरून पाहा. पण फार रेंगाळू नका. आपल्यानंतरही कुणाला तरी ते पाहायचं आहे.