पेट-स्कॅनचं माहेर
कर्करोगाच्या गाठी दाखवणाऱ्या पेट-स्कॅनचं मूळ विचारलं, की बहुतेक जण ऑटो वारबुर्ग यांचं नाव घेतात. बर्लिनमध्ये १९२३च्या सुमारास त्यांनी उंदरांच्या गाठींचे पातळ काप तपासले. प्राणवायू भरपूर असूनही त्या पेशी ग्लुकोज भराभर संपवत होत्या आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत होत्या. कर्करोगाच्या पेशींची ही हाव पेटचा पाया आहे, यात वाद नाही. पण माझ्या मते पेटचं माहेर वारबुर्गांकडे नाही, कार्ल आणि गर्टी कोरी यांच्याकडे आहे.

हे दांपत्य १९२५ साली अमेरिकेत बफेलोला होतं. त्यांनी एका पंखात राउस सार्कोमाची गाठ आणि दुसरा पंख निरोगी, अशी कोंबडी घेतली आणि दोन्ही पंखांतून परतणारं शिरेतलं रक्त तपासलं. गाठीकडून आलेल्या दर १०० घनसेंटिमीटर रक्तात ग्लुकोज २३ मिलिग्रॅमने कमी भरलं आणि लॅक्टिक आम्ल १६ मिलिग्रॅमने जास्त. वारबुर्गांचे काप काचेच्या भांड्यात होते. इथे जनावर जिवंत होतं, रक्त वाहत होतं आणि तुलनेला त्याचाच दुसरा पंख होता. आज डॉक्टर पडद्यावर डावी काख उजवीशी ताडून पाहतात, ती रीत हीच.

यावर आक्षेप ठरलेला आहे: पेटमध्ये टोचतात ते एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं डीऑक्सिग्लुकोज, मुळात मेंदूसाठी घडलं. बरोबर. लुई सोकोलोफ मेंदूचा ग्लुकोज-खर्च मोजत होते. १९७६ साली ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत बनवलेलं एफडीजी विमानाने फिलाडेल्फियाला नेलं, कारण त्यातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. पहिल्या प्रतिमा मेंदूच्याच. गाठींचा नंबर नंतर लागला.

पण सोकोलोफ यांची पद्धत ज्या युक्तीवर उभी आहे, ती कुठली? डीऑक्सिग्लुकोज म्हणजे दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन गमावलेलं ग्लुकोज. पेशीच्या आवरणातले वाहक त्याला ग्लुकोज समजून आत घेतात, हेक्झोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं, पण पुढचं एन्झाइम त्याला हात लावत नाही. फॉस्फेट लागल्यावर बाहेरही पडता येत नाही. ते तिथेच साचतं. मेंदूचं हेक्झोकायनेज डीऑक्सिग्लुकोज स्वीकारतं, हे १९५४ साली आल्बेर्तो सोल्स आणि रॉबर्ट क्रेन यांनी सविस्तर मांडलं, तेही सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, कोरींच्याच विभागात!

कोंबडीपासून हेक्झोकायनेजपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही, हे मान्य. कोरींनी गाठींचं काम केव्हाच मागे टाकलं होतं. तरी पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचं पहिल्या पायरीवर काय होतं, हा प्रश्न त्या घरात बफेलोपासूनच मुरत होता, असं मला ठामपणे वाटतं.

वारबुर्ग मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिले, की पेशीचं श्वसन बिघडणं हेच कर्करोगाचं मूळ. सिडनी वाइनहाउस यांनी १९५६ साली त्याला कडाडून विरोध केला: कित्येक गाठींचं श्वसन शाबूत असतं. पेटला या भांडणाशी देणंघेणं नाही. आत किती साखर ओढली गेली, एवढंच ते दाखवतं.

भारतात हे तंत्र २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. आपल्याकडे क्षयाची गाठही त्यात झळकते, कारण सुजेतल्या पेशीही ग्लुकोज ओढतात. म्हणून नुसती चमक पाहून कर्करोग ठरवत नाहीत, तुकडा काढून तपासतात.