थर्मल अँड अ क्वार्टर : बंगळूरच्या रॉक संगीतातील एक वाटचाल

इंग्रजीत गाणाऱ्या आणि चित्रपटसृष्टीबाहेर राहिलेल्या भारतीय बँडने पोट कसे भरायचे? बंगळूरच्या 'थर्मल अँड अ क्वार्टर' या बँडचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. १९९६ मध्ये तो स्थापन झाला, तेव्हा महाविद्यालयीन स्पर्धांत परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणाऱ्यांना हमखास दाद मिळे. या मंडळींनी मात्र स्वतःची गाणी रचण्याचा हट्ट धरला. नाव थट्टेचे आहे : मूळ चमूत तीन मल्याळी, म्हणजे 'थ्री मल्लू', आणि एक पाव मल्याळी!

गायक-गिटारवादक ब्रूस ली मणी व ड्रमवादक राजीव राजगोपाल हे बँडचे आधारस्तंभ. रॉकमध्ये जॅझ आणि फंक मिसळलेल्या आपल्या शैलीला ते 'बँगलोर रॉक' म्हणतात. २०१२ चा '३ व्हील्स ९ लाइव्ह्ज' हा तिहेरी अल्बम. त्यातील तीन चाके म्हणजे शहरातली रिक्षा. एवढा मोठा अल्बम काढणे हे व्यवहाराच्या दृष्टीने धाडसच होते.

अशा संगीताला भारतात बाजारपेठ लहान. म्हणून बँडने 'टाकॅडमी' ही संगीतशाळा काढली आणि वादकच शिक्षक झाले. शिकवणी सांभाळून गाणी रचणे चालूच राहिले. २०२० मध्ये 'अ वर्ल्ड गॉन मॅड' हा अल्बम आला.