जातककथांतील प्राणी आणि माणसाचे दुर्गुण



आपल्या भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठची पवनी ही प्राचीन बौद्ध नगरी. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व विभागाने तेथील जगन्नाथ टेकडी खोदली आणि भव्य स्तूप उजेडात आला. दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. याच परंपरेतला दुसरा स्तूप मध्यप्रदेशातील भरहुतचा. तो १८७३ साली कनिंगहॅम यांनी शोधला. त्याच्या कठड्यावर दोन हजार वर्षांपूर्वी जातककथा कोरल्या गेल्या. अक्षर न येणाऱ्यालाही बोध व्हावा अशी ही दगडाची शाळा!

त्यातली एक कथा लटुकिक जातक. लावी पक्षिणीची पिले वाटेवर होती. हत्तींचा कळप आला. तिने विनवणी केली, तेव्हा म्होरक्या पिलांवर आडवा उभा राहिला आणि कळप सुखरूप पुढे गेला. मागून एकटा हत्ती आला. "तू माझे काय वाकडे करणार?" म्हणत त्याने पिले तुडविली. मग कावळ्याने त्याचे डोळे फोडले, माशीने जखमेत अंडी घातली. तहानलेला आंधळा हत्ती बेडकाच्या आवाजामागे गेला आणि कड्यावरून कोसळला. कोणाशीही वैर धरू नका, हा कथेचा बोध.

आता विचार करा. दोघेही हत्तीच. एक रक्षण करतो, दुसरा तुडवितो. म्हणजे दुर्गुण जातीत नसतो, तो करणीत असतो. जन्मावरून माणसाला नीच ठरविणाऱ्यांना हे दगडच उत्तर देतात.

सम्मोदमान जातकात तर लावेच लाव्यांचा नाश करतात. एकजुटीने ते पारध्याचे जाळे उचलून उडून जात. पुढे एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्याला लागला. "जाळे काय तू एकटाच उचलतोस?" एवढ्यावरून भांडण पेटले. जाळे पडले तेव्हा कोणीच जोर लावला नाही. पारध्याने सगळे टोपलीत भरले.

मी मिल कामगार. मालकापुढे न वाकलेली एकी "तू मोठा की मी मोठा" यात मोडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आपल्या विहारातही वर्गणीचा हिशोब, मंचावरची खुर्ची, पत्रिकेतले नाव यावरून अबोला धरला जातो. पुनर्जन्म मानण्यासाठी नव्हे, तर स्वतःला तपासण्यासाठी या कथा वाचा. रविवारच्या वंदनेनंतर मुलांना एकेक कथा सांगा. लावे पकडले गेले ते जाळ्यामुळे नाही, अहंकारामुळे. आपण तरी जाळे मिळून उचलू या.

जयभीम! नमो बुद्धाय!