दातांना वळण

मुलांना वळण लावावे ते लहानपणीच, असे आपण म्हणतो. दातांनाही हेच लागू पडते काय, आणि किती लहानपणी, याचा खल माणसे जवळजवळ दोन हजार वर्षे करीत आली आहेत. त्याची हकीकत भगिनींपुढे थोडक्यात मांडते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांत सेल्सस नावाचा ग्रंथकार होऊन गेला. दुधाचा दात पडण्यापूर्वीच नवा दात डोकावू लागला, तर दुधाचा दात काढावा व नवा दात रोज बोटाने दाबून जागेवर आणावा, असे त्याने लिहून ठेवले आहे. ना तार, ना यंत्र. नुसते बोट आणि चिकाटी!

१७२८ साली फ्रान्समध्ये पिएर फोशार यांनी दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. घोड्याच्या नालासारखी धातूची पट्टी दातांना दोऱ्याने बांधून ते सरळ करण्याची रीत त्यात आहे. आजच्या तारेची ही पणजीच म्हणायची.

१८६० साली अमेरिकेत डॉ. एंजेल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूशी स्क्रू बसवून त्याची किल्ली तिच्याच हाती दिली. दोन आठवड्यांत वरचा जबडा रुंदावला. लहान वयात टाळूच्या मध्यावरील सांधा घट्ट जुळलेला नसतो, म्हणून हे साधले. त्या वेळी पुष्कळांना ते खरे वाटले नाही. परंतु शंभर वर्षांनी तीच रीत पुन्हा रूढ झाली.

१९०८ च्या सुमारास डेन्मार्कचे डॉ. आंद्रेसेन यांची मुलगी सुटीत परगावी निघाली. वडिलांनी तिच्या तारा काढून, घालता-काढता येणारे एक साधन दिले. ती परतली तेव्हा जबड्यांची ठेवण सुधारली होती! वाढत्या वयात स्नायूंच्या जोरानेही जबड्याला वळण लागते, हा विचार त्यातून युरोपात पसरला.

आपल्या देशात डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ साली स्थापन झाली.

मग लवकर उपचार करावे की थांबावे? पुढे आलेल्या वरच्या दातांविषयी अमेरिकेत व इंग्लंडात मुलांचे दोन गट करून पाहिले. सात ते अकराव्या वर्षी सुरुवात केलेल्यांचे आणि थांबून किशोरवयात केलेल्यांचे दात शेवटी सारखेच झाले. लवकर केल्याने पडून-आपटून पुढचे दात दुखावण्याचा धोका मात्र कमी झाला. म्हणजे प्रत्येक मुलाला घाई नको. परंतु वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील, पक्के दात येऊ लागले तरी अंगठा सुटत नसेल, किंवा दुधाच्या दाढा अकाली काढाव्या लागल्या असतील, तर वाट पाहू नये.

अमेरिकेतील तज्ज्ञ सातव्या वर्षी एकदा दात दाखवायला सांगतात. दाखवणे म्हणजे तार बसवणे नव्हे. “आत्ता केले नाही, तर काय बिघडेल?” असे डॉक्टरांना नि:संकोच विचारावे, पैसा आपला असतो, तोंड लेकराचे.

आणखी एक. कित्येक घरांत मुलीचे दात आठवतात ते स्थळे पाहू लागल्यावर. दात तेव्हाही सरळ होतात. पण जबड्याची वाढ संपलेली असते, ती संधी परत येत नाही. लेक सात वर्षांची असतानाच तिच्या तोंडात पाहावे, ते लग्नासाठी नव्हे, तिला नीट चावता यावे आणि मोकळेपणी हसता यावे म्हणून.