नागपूरचा १९६५ चा ताप

चिकुनगुन्या म्हटले की आपल्याला २००६ साल आठवते. नागपूरची या आजाराशी ओळख मात्र त्याहून चार दशके जुनी आहे. १९६५ साली शहरात तापाची मोठी साथ आली. तिच्या कारणांचा शोध रॉड्रिग्ज, पाटणकर, बॅनर्जी आदी संशोधकांनी घेतला आणि त्यांचा निबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आला तो १९७२ साली. तोवर शहर ती साथ विसरूनही गेले असावे, असे मला वाटते.

हा विषाणू प्रथम ओळखला गेला तो १९५२-५३ मध्ये, आजच्या टांझानियातील माकोंडे पठारावरच्या साथीत. नावही तिथल्याच बोलीतले. सांधेदुखीने माणूस वाकतो, त्यावरून पडलेले. कोंबडीशी त्याचा काही संबंध नाही. पण २००६ मध्ये अनेक घरांतून कोंबडी हद्दपार झाली होती, आणि त्याच वर्षी नवापुरात बर्ड फ्लू आल्याने गोंधळात भरच पडली. भारतात तो १९६३ साली कलकत्त्यात सापडला, १९६४ मध्ये मद्रासकडे, पुढच्या वर्षी नागपुरात. १९७३ मध्ये बार्शीत शंभरातले सदतीस लोक आजारी पडले. मग तीस वर्षांहून अधिक काळ मोठी साथच नाही.

त्याआधी तो इथे नव्हताच, असे मात्र मी म्हणणार नाही. डोनाल्ड केरी यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, 'डेंग्यू' म्हणून नोंदलेल्या एकोणिसाव्या शतकातील काही साथींची वर्णने चिकुनगुन्याशी अधिक जुळतात. दोघांचा वाहक एकच, एडिस इजिप्ती डास. दोघांतही ताप आणि अंगदुखी. जुन्या वैद्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आजही रक्ततपासणीवाचून खात्री होत नाही.

एकदा होऊन गेला की या आजाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते. म्हणजे १९६५ मध्ये आजारी पडलेले नागपूरकर बव्हंशी सुरक्षित होते, पण त्यांची मुले-नातवंडे नव्हती. शिवाय २००६ चा विषाणू जुन्या आशियाई वंशाचा नव्हता, आफ्रिकी वंशाचा होता. तो वंश पुणे जिल्ह्यातील यवत येथे डासांत २००० सालीच मिळाला होता. २००६ मध्ये देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी त्या साथीतील मेंदू व मज्जासंस्थेच्या गुंतागुंतीही नोंदवल्या. 'नुसती सांधेदुखी' हा समज त्याने ढासळला.

विषाणू मारणारे औषध १९६५ मध्ये नव्हते, आजही नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल, एवढाच उपचार. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत अॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत, कारण रक्तस्रावाचा धोका असतो. ताप आठवड्यात उतरतो. सांधे मात्र काहींना महिनोन् महिने छळतात. सकाळी मूठ वळत नाही, आणि घरच्यांना वाटते माणूस आळस करतो आहे.

हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. जुन्या वस्त्यांत रांजण आणि हौद होते, आता कूलर आहेत. पाऊस लागला की पंखा बंद होतो, टाकीतले पाणी तसेच राहते. ते ओतून दिले तरी कडांना चिकटलेली अंडी कोरडी राहून महिने काढतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच फुटतात. म्हणून टाकी रिकामी करून भागत नाही, ती ब्रशने घासावी लागते.